देवयानीतला एक तारा

शुक्रवार, मुलुंड

अमावास्या रविवारी होती. मार्गशीर्षातली, म्हणजे वर्षातली माझी सगळ्यात लाडकी. पावसाळा कधीच सरलेला, दिवाळीचा धूर विरलेला आणि अंधार पडता पडता देवयानी दीर्घिका जवळपास डोक्यावर. सोमवारची रजा टाकली होती. हवामान तीनही रात्री स्वच्छ दाखवत होतं.

या वेळी सुंदर फोटो काढायला निघाले नव्हते. मला त्या दीर्घिकेतला एकच तारा हवा होता. एडविन हबल यांनी १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये माऊंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीची एक काच (तेव्हा फोटो काचेवरच उमटायचे) घेतली. तिच्यावर त्यांनी तीन ठिकाणी नोव्हा, म्हणजे अचानक उजळणारा तारा, म्हणून 'एन' अशी खूण केली. जुन्या काचांशी ताडून पाहताना लक्षात आलं, की यातला एक नोव्हा नाहीच. तो ठरावीक काळाने उजळतो आणि मंदावतो. त्यांनी ते अक्षर खोडून शेजारी 'व्हार!' लिहिलं, रूपविकारी तारा या अर्थाने. अशा ताऱ्याचा काळ जितका लांब तितकं त्याचं मूळ तेज जास्त, हा नियम हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये मांडून ठेवलाच होता. मूळ तेज कळलं, दिसणारं तेज मोजलं, की अंतर निघतं. हबलना अंतर मिळालं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. आज आपण २५ लाख मानतो, पण त्या ९ लाखांनीही काम झालं. देवयानी आपल्या आकाशगंगेत मावत नव्हती. ती वेगळी दीर्घिका होती. एका ताऱ्याने विश्व एवढं मोठं केलं. त्याचं नाव नुसतं व्ही १.

त्याचं तेज साधारण १९ प्रतीचं. (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद.) नुसत्या डोळ्यांना काळोख्या जागी सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट, त्यामुळे हा तारा त्याच्याही लाखपटीहून जास्त मंद. तरी हौशी लोकांनी तो टिपलेला आहे. २०१० मध्ये अशाच निरीक्षकांनी त्याचा माग काढून त्याचं वेळापत्रक बसवलं आणि त्या आधारे हबल अवकाश दुर्बिणीने त्याची छायाचित्रं घेतली. हे वाचल्यापासून तो तारा माझ्या डोक्यातून गेला नाही.

शुक्रवारची रात्र सोसायटीच्या गच्चीवर सराव म्हणून ठेवली. सहा इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, ७५० मिलिमीटर नाभीय अंतर, त्याखाली विषुववृत्तीय माऊंट, मागे थंड होणारा रंगीत कॅमेरा. पृथ्वी दर सेकंदाला १५ विकला फिरते (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). तेवढंच उलट फिरायचं हे माऊंटचं काम, आणि त्यासाठी त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. मुंबईचा अक्षांश १९, म्हणून ध्रुव क्षितिजापासून १९ अंशांवर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या, की झालं. एवढ्या खालचा ध्रुव आमच्या उत्तरेच्या टॉवरने केव्हाच गिळला आहे. तो न दिसताही काम होतं: आकाशाच्या दुसऱ्या भागात तीन फोटो घ्यायचे, सॉफ्टवेअर त्यातले तारे ओळखून अक्ष किती चुकला ते सांगतं. स्क्रू फिरवत बसायचं. वीस मिनिटं गेली.

मग देवयानीवर तीस सेकंदांची एक फ्रेम घेतली. मधला गाभा दिसला, कापसाच्या बोळ्याएवढा. बाकी सगळं करडं. तीन अंश पसरलेली दीर्घिका, सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी, आणि मुलुंडहून तिचं फक्त नाक दिसतं.

मध्यरात्रीनंतर दुहेरी पट्ट्याचा फिल्टर लावला आणि एकशृंगीतल्या गुलाबपुष्प तेजोमेघाकडे वळले. पाच मिनिटांच्या पहिल्याच फ्रेममध्ये त्याचं लाल कडं उठून आलं. इथे लोक नेहमी विचारतात, मुंबईतून हे जमतं तर दीर्घिका का नाही? तेजोमेघ म्हणजे तापलेला वायू. तो मोजक्या रंगांतच उजळतो, हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला, ऑक्सिजन ५००.७ ला. तेवढ्या दोन फटी उघड्या ठेवून बाकी सगळं बंद केलं, तर शहराचा बहुतेक उजेड दाराबाहेर राहतो. दीर्घिका मात्र ताऱ्यांची. ताऱ्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला आणि आपल्या रस्त्यावरच्या एलईडींचाही तसाच. दोघांना वेगळं करणारी काच कुणाकडेच नाही. दीर्घिकेसाठी एकच फिल्टर चालतो, तो म्हणजे गावाबाहेरचा रस्ता.

मुंबईच्या उजेडापुढे, विजेपुढे माघार घेणारी मी काही पहिली नाही. कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय निरीक्षणांचं काम विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं. त्यांना निदान सरकारी खर्चाने हलता आलं.

शनिवार, वांगणी

मामेभावाची गाडी दुपारी दोनला आली. मागे तो, पुढे मामा. मामा सत्तरीला आलेले, पण त्यांना येऊ नका म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"अगं, वांगणीला तुम्ही आता जाताय. मी शहाऐंशी साली गेलोय," शीळफाट्याच्या कोंडीत तासभर अडकलो तेव्हा मामांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. मला ती पाठ आहे आणि तरी ऐकावीशी वाटते. हॅलेचा धूमकेतू आला होता. मार्चमध्ये तो पहाटे दिसायचा. मामा आणि गिरगावातले तिघे मित्र शेवटच्या कर्जत गाडीने वांगणीला उतरले, फलाटावरच दोनपर्यंत बसले, मग रुळांच्या कडेने शेतात गेले. पहाटे चारनंतर आग्नेयेला क्षितिजाच्या थोडं वर ती पुसट शेपटी. "फोटोतल्यासारखी नव्हती हं. पण होती." मामांचं हे वाक्य मी माझ्या प्रत्येक नव्या फोटोच्या वेळी आठवते.

वांगणी मुंबईच्या आकाशप्रेमींच्या कित्येक पिढ्यांचं माहेर आहे. खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमांतून इथेच कितीतरी लोकांनी पहिल्यांदा शनीची कडी पाहिली. मीही त्यांतली. पण तेव्हाची वांगणी आता नाही. आम्ही ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर सामान उतरवलं तेव्हा वायव्येला बदलापूरचा उजेड जमिनीपासून वर चढलेला दिसत होता, आणि देवयानी मावळायला नेमकी त्याच बाजूला जाते.

सव्वासातला काळोख झाला. शर्मिष्ठेचा 'एम' मिळाला, त्यावरून देवयानी. आपल्याकडे या भागाला दिलेली नावं मला फार आवडतात: देवयानी, शर्मिष्ठा, पलीकडे ययाती, शेजारी वृषपर्वा. ग्रीकांच्या राजघराण्याच्या जागी महाभारतातलं एक अख्खं भांडण वर नेऊन बसवलं आहे.

आठ वाजता शेजारच्या मैदानात प्रकाशझोत लागले. अंडरआर्म क्रिकेटचे सामने. लाऊडस्पीकरवर समालोचन, प्रत्येक षटकाराला फटाका. त्या पोरांचा दोष नाही, त्यांचा तो वर्षाचा सण. पण झोताचा उजेड तिरका येऊन दुर्बिणीच्या नळीत शिरत होता. भावाने दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये काळी चादर बांधली, आणि एका बाजूने सावली मिळाली. तरी मिनिटभराच्या फ्रेमपलीकडे जाता येईना.

दहा वाजता वेगळंच सुरू झालं. तारे फुगायला लागले. आधी वाटलं फोकस सरकला. नळीच्या तोंडावर फोकस तपासायचा खाचांचा मुखवटा लावून बघितलं, तीन रेघा बरोबर एका ठिकाणी मिळत होत्या. मग नळीत बॅटरी मारली, तर आतल्या लहान आरशावर दव. उल्हास नदी जवळ आहे आणि डिसेंबरात तिच्या काठची हवा रात्री ओलीचिंब होते. दव रोखणारी गरम पट्टी मी मोठ्या आरशासाठी बसवली होती. तो तळाशी असतो, नळीच त्याला झाकते. आकाशाकडे पाठ करून लटकतो तो लहान आरसा, आणि तो आधी गारठतो. एवढ्या वर्षांत हे मला आधीच कळायला हवं होतं. पट्टी सोडवून लहान आरशाच्या मागे चिकटवली, वायर कोळ्याच्या पायावरून नीट ओढून घेतली. (आरसा धरणाऱ्या बारीक पात्यांना आम्ही कोळीच म्हणतो.) पाऊण तास गेला. तोवर देवयानी बदलापूरच्या उजेडात उतरली होती.

हाती आल्या मिनिटाच्या ११२ फ्रेम, त्यातल्या निम्म्या धूसर. एकला सामने संपले, झोत विझले आणि मृग नक्षत्र ठळक झालं. मामा खुर्चीत कांबळं गुंडाळून जागे होते. त्यांना मृगातला तेजोमेघ दाखवला. १८८० मध्ये हेन्री ड्रेपर यांनी याचाच पहिला फोटो काढला, ५१ मिनिटं काच उघडी ठेवून. इथे दहा सेकंदांत पडद्यावर त्याचे पंख उलगडले. मामा पडद्याकडे क्षणभर बघून पुन्हा नेत्रिकेतून बघायला आले. "हे खरं," म्हणाले.

रविवार, खिरेश्वर

सकाळी झोप फारशी झाली नाही. बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड, तिथे मिसळ, मग सरळगाव, टोकावडे आणि माळशेज घाट. घाटातून वर आलो की हवेचा बाजच बदलतो, कोकणाचा दमटपणा खालीच राहतो. खुबी फाट्यावरून आत वळलं, की पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याच्या कडेने रस्ता खिरेश्वरला जातो. हरिश्चंद्रगडावर जाणारे इथूनच चढतात. आम्हाला गड फक्त उत्तरेला उभा हवा होता.

ज्या दादांकडे उतरायचं होतं, त्यांनी आधीच बजावलं, "ताई, शेतात बिलकूल थांबायचं नाही. बिबट्याचा वावर आहे." जुन्नर तालुक्यात हे कुणी गंमत म्हणून सांगत नाही. त्यामुळे दुर्बीण त्यांच्या घराच्या स्लॅबवर चढवली. स्लॅबची अडचण वेगळी: कुणी चाललं, की तारे हलतात. एका विकलेएवढा हिसका बसला तरी फ्रेम वाया जाते, कारण माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जेमतेम एक विकलेचा आहे. माऊंटचे तिन्ही पाय खालच्या भिंतींच्या बरोबर वर येतील असे ठेवले आणि एकदा गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माऊंटची चूक सुधारत राहणं) सुरू झालं की कुणी उठायचं नाही, असं ठरलं.

राहिला कोपऱ्यावरचा दिवा. पांढरा, झगझगीत, नेमका स्लॅबच्या उंचीला. मी काही बोलायच्या आत दादांच्या आईंनी विचारलं, "तो डोळ्यात येतोय ना गं पोरी?" दादा शेजारच्या दोन घरांत विचारून आले, शिडी लावली आणि दिव्याच्या आमच्याकडच्या बाजूला गोणपाट बांधलं. खाली रस्त्यावर उजेड राहिला, वर काळोख. शहरात हेच मला गेली चार वर्षं जमलेलं नाही.

सूर्य मावळल्यावर थंडी पटकन उतरली. गडाच्या काळ्या रेघेच्या वर, फार उंच नाही, ध्रुव. मुलुंडला टॉवरमागे असतो तोच. या वेळी ध्रुवदर्शकातून सरळ त्याच्यावर रोखलं, आठ मिनिटांत काम झालं.

मग मी मान वर केली आणि थोडा वेळ काहीच केलं नाही. शर्मिष्ठेपासून ययातीवरून पूर्वेकडे आकाशगंगेचा पट्टा. पश्चिमेला घाटाच्या तोंडाशी फिकट पिवळा उजेड, तो कल्याणचा आणि त्यामागे मुंबईचा. इतक्या लांबून ती बोटभर उंच दिसते. मामांना देवयानीची जागा दाखवली: थेट बघू नका, जरा बाजूला बघा, म्हणजे ती कडेच्या नजरेत येईल. ते बराच वेळ गप्प होते. "फुंकर मारल्यासारखी दिसते," असं शेवटी म्हणाले. इराणचे अल सूफी यांनी दहाव्या शतकात तिला छोटा ढग म्हटलं होतं. मला मामांची फुंकर जास्त पटली.

सात पंचविसाला पहिली दोन मिनिटांची फ्रेम. देवयानीने मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेघ, नुकतंच ओलांडलं होतं, त्यामुळे दुर्बीण मध्येच उलटी फिरवावी लागणार नव्हती. पडद्यावर फ्रेम उतरली आणि मी खरंच श्वास धरला. सॉफ्टवेअरने उजेड ताणायच्या आधीच, कच्च्या फ्रेममध्ये, धुळीचे काळे पट्टे होते. सोबतच्या दोन्ही छोट्या दीर्घिका होत्या, एम ३२ आणि एम ११०.

एका फ्रेममध्ये व्ही १ दिसणार नव्हताच. फ्रेम एकावर एक रचल्या, की ताऱ्याचा प्रकाश बेरजेने वाढतो आणि खरखर फक्त वर्गमुळाने. शंभर फ्रेम म्हणजे दहापट स्वच्छ चित्र. म्हणून करायचं एवढंच, की बसायचं आणि काहीही हलवायचं नाही. आईंनी पिठलं-भाकरी जिन्याच्या वरच्या पायरीवर आणून ठेवली, आम्ही हात लांब करून ताटं घेतली. दादा विचारत होते, हे सगळं कशासाठी. मी व्ही १ ची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "म्हणजे तो तारा आता तिथं आहे का, तेपण माहीत नाही?" आपल्याला दिसतो तो प्रकाश तिथून २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. आहे की नाही सांगता येत नाही, एवढंच खरं उत्तर. पण त्यांनी खाली आग्नेयेकडे बोट केलं. "आमच्या खोडदच्या डिशवाल्यांना माहीत असेल." खोडद तिथून फार लांब नाही. तिथे आणि आसपास मिळून ४५ मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेना, रेडिओ लहरी ऐकणाऱ्या. जुन्नर-नारायणगावच्या माणसाला खगोलशास्त्र परकं वाटत नाही, ते त्याच्या उसाच्या शेताशेजारीच उभं आहे.

सव्वाअकराला देवयानी पस्तीस अंशांवर उतरली, पश्चिमेच्या उजेडाच्या जवळ. थांबले. १०४ फ्रेम. नंतर झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या आणि तेवढ्याच थंड तापमानाच्या काळ्या फ्रेम घेतल्या, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग वजा करता येतात. पहाटे पांढरा सदरा नळीवर ताणून, उजळणाऱ्या आकाशाकडे रोखून, फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फ्रेम, घेतले. सदरा मामांचा.

सोमवार, पुन्हा मुलुंड

घाट उतरलो, घरी आलो, झोपले. संध्याकाळी लॅपटॉप उघडला.

९ फ्रेम टाकून दिल्या. सात वाऱ्यामुळे आणि दोन आम्ही ताटं घेतली तेव्हाच्या. उरलेल्या ९५, म्हणजे तीन तास दहा मिनिटं. शनिवारच्या फ्रेमही वेगळ्या रचून बघितल्या.

व्ही १ गाभ्यापासून साधारण पाव अंशावर, नैर्ऋत्येला आहे. नकाशा एका बाजूला, माझं चित्र दुसऱ्या बाजूला. आसपासचे तीन तारे जुळले, त्यांच्यामध्ये तो हवा. वांगणीच्या चित्रात तिथे काहीच नव्हतं, नुसती खरखर. खिरेश्वरच्या चित्रात एक ठिपका. तीन-चार पिक्सेलचा, शेजारच्या खरखरीपेक्षा जरासाच वर.

असा ठिपका आपल्याला हवा असतो म्हणूनही दिसतो. म्हणून ९५ फ्रेमचे दोन भाग केले, सम आणि विषम, आणि दोन्ही वेगवेगळे रचले. खरखर दोन वेळा एकाच जागी उमटत नाही. पहिल्या चित्रात ठिपका होता. दुसऱ्याला वीस मिनिटं लागली. त्यातही होता.

मामांना फोन केला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "उजळलेला होता का मंद?"

हाच खरा प्रश्न आहे, आणि एका रात्रीत त्याचं उत्तर मिळत नाही. तो बदलतो हे बघितल्याशिवाय तो व्ही १ आहे असं मी म्हणणार नाही. त्याचा काळ ३१.४ दिवस. अमावास्या ते अमावास्या २९.५ दिवस. दर अमावास्येला गेले, तर दरवेळी तो मला जवळजवळ त्याच अवस्थेत भेटेल, फक्त दोन दिवसांच्या फरकाने. चंद्र आणि तो तारा जणू एकाच लयीत चालले आहेत आणि मी त्या लयीत अडकले आहे. यातून सुटायचं तर अमावास्या सोडावी लागेल. पौष कृष्ण षष्ठीला चंद्र रात्री उशिरा उगवतो, तोवर तीन तास काळोख मिळतो आणि रविवारपासून त्या दिवशी एकवीस दिवस होतात, ताऱ्याचं दोन तृतीयांश चक्र. अंधार पडतानाच देवयानी पश्चिमेला कललेली असेल, पण दहापर्यंत चालेल.

खिरेश्वरला फोन लावला. दादांनी तारीख लिहून घेतली आणि विचारलं, किती माणसं. मागून आईंचा आवाज आला, म्हाताऱ्या मामांना घेऊन या, आणि या वेळी जाड कांबळं आणा म्हणावं.